बाबालालचाचांची छिन्नी

मागच्या आठवड्यात सूनबाईनं माळ्यावरचा पितळी स्टो भंगारवाल्याला द्यायला काढला. घरात गॅस येऊन बरीच वर्षं झाली, स्टोकडं कुणी बघतही नव्हतं. भंगारवाला दारात काटा घेऊन बसलेला. मी म्हटलं, थांब बाबा जरा. स्टो न्हाणीत नेला, टाकीत होतं-नव्हतं ते घासलेट बाटलीत ओतलं, टाकी काठोकाठ पाण्यानं भरली आणि मुलाच्या हत्यारांतली छिन्नी तिच्या पोटावर ठेवून हातोडी मारली. म्हातारीचा हात तो, चौथ्या घावाला भोक पडलं. पाण्याची धार पायावर आली. मग स्टो बाहेर नेऊन दिला.

भंगारवाला भोकातून बोट फिरवत म्हणाला, "अम्मा, अच्छी-खासी चीज थी. किसी गरीब के काम आ जाती."

सूनबाईनंही विचारलं, आई, हे काय केलंत? मी म्हटलं, आमच्याकडं असंच करतात.

खोटं बोलले. आमच्याकडं असं कुणीच करत नव्हतं. एक माणूस करत होता, आणि त्याचं कुणी ऐकत नव्हतं. इथं जबलपूरला त्याचं नाव माहीत असलेली मी एकटीच. माझी शाळा मराठी चौथीला सुटली, लिहिण्याचा सराव नाही. पण मी गेले की ते नावही जाईल, म्हणून बसले आहे.

बाबालालचाचा सांगलीला हळदीच्या दोन वखारींमधल्या बोळाच्या तोंडाशी पत्र्याचं छप्पर टाकून बसायचे. स्टो दुरुस्त करायचे, दुसरं काही नाही. बसायला पलटणीतली लाकडी पेटी, पुढ्यात पाण्यानं भरलेली बादली, बाजूला कोळशाची शेगडी. डोक्यावर पांढरी टोपी आणि टोपीच्या काठात स्टोच्या पिना ओळीनं खोचलेल्या. त्या बोळात सगळ्यावर हळद बसायची, तशी चाचांच्या टोपीवरही. संध्याकाळपर्यंत टोपी पिवळी. "रोज लगीन लागतंय माजं," म्हणायचे, "नवरी तेवडी दिसंना."

त्यांच्या चेहऱ्यात काहीतरी कमी आहे असं पहिल्यांदा बघणाराला वाटायचं. भिवया नाहीत हे ध्यानात यायला वेळ लागायचा. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "बसऱ्याला ठिवून आलोया. यायला निगाल्यात, वाटंत हायती." पहिल्या लढाईत ते पलटणीबरोबर बसऱ्याला गेले होते, तिथंच स्टोचं काम शिकले.

मी त्यांच्याकडं पहिल्यांदा गेले तेव्हा लग्न होऊन दोन महिने झाले होते. म्हसवडला मी गोवऱ्यांच्या चुलीवर वाढलेली, स्टो नावाची वस्तू बघितली नव्हती. सासरी पितळी स्टो. पेटला की असा घोंघावायचा की मी भिंतीला पाठ लावून उभी राहायची. सासूबाईंनी वायसर बदलून आणायला पाठवलं. मी तो स्टो दोन्ही हातांनी, अंगापासून लांब धरून, बोळापर्यंत चालत नेला. चाचा बघतच होते.

"कुनाची गं तू?"

"पलीकडच्या वखारीत कारकून आहेत त्यांच्या घरातली."

"त्ये न्हवं. गाव कंचं?"

"म्हसवड."

"मंग माणदेशी म्हन की! मी खंडाळ्याचा. आपन दोगं बी सातारी, हितं परदेशी." सांगली तेव्हा संस्थान होतं, त्यामुळं परदेशी म्हणण्यात तसं खोटंही नव्हतं. "स्टो पेटवतं कोन?"

"मीच."

"भ्या वाटतं?"

लाज वाटली, पण खरं सांगितलं. "लय वाटतं."

"लय बेस. भ्या वाटतं तीच बाई टिकती. आता पदर खोच, म्हंजे दावतो."

पदर खोच. हे ते सगळ्यांना म्हणायचे. वकिलीणबाईंना म्हणायचे, ऐंशीच्या म्हातारीला म्हणायचे, आणि पुरुष असला तर "सोगा आवर." त्याशिवाय स्टोला काकडा लावायचे नाहीत. त्या दिवशी त्यांनी मला तीनदा पेटवून आणि तीनदा विझवून दाखवला. "आदी काकडा, मंग सबुरी, मंग पंप. बाया सबुरी इसरत्यात." म्हसवड सोडल्यापासून माझ्याशी इतकं सावकाश कुणी बोललं नव्हतं. त्या दिवसापासून स्टोची भीती गेली असं नाही, पण तिला काहीतरी शिस्त आली.

पुढं कामाच्या निमित्तानं जायची, तसं त्यांचं काम बघायला मिळालं. आलेला स्टो ते आधी नाकाशी धरायचे, मग कानाशी. मग सगळं आवळून, टाकीत हवा भरून बादलीत बुडवायचे आणि पाण्याकडं बघत बसायचे. एकदा वकिलीणबाई त्यांचा स्टो घेऊन आल्या. काय तो स्टो! नुसता सोन्याचा. चाचांनी बादलीत बुडवला तर टाकीच्या पोटातून बुडबुड्यांची एक बारीक माळ वर आली.

"बगा वैनीसाब. धाप लागलीया त्येला."

"मग कथलाचा डाग द्या की."

"कुटं दिऊ? ह्यो येक डाग दिला की शेजारी फुटंल. पत्रा कागदावानी झालाय. दर शुक्रवारी चिंच लावून घासता न्हवं?"

"मग काय काळा ठेवू?"

"ठिवा की. काळा स्टो म्हातारा हुतो, चकचकीत स्टो मरतो. ह्यो मेलाय."

"तुम्हांला डाग देता येत नाही असं सांगा सरळ!"

"न्हाई येत," चाचा शांतपणे म्हणाले. "पर भोक पाडाय येतं. पाडू?"

वकिलीणबाई स्टो उचलून तरातरा गेल्या, आणि पुढच्या पेठेत कुणाकडून तरी डाग देऊन घेतला. त्या कोपऱ्यावरून वळेपर्यंत चाचा बघत राहिले होते.

चिंचेचं त्यांचं म्हणणं आम्हा सगळ्या बायकांना ठाऊक होतं आणि पटतही होतं. पण फळीवरचं पितळ चकचकीत नसलं तर सुनेला काय म्हणतात तेही ठाऊक होतं. चिंच नि राख घेऊन मीही दर शुक्रवारी बसायचीच.

भोक पाडायची त्यांची रीत ठरलेली. स्टो मेला असं ठरलं की आधी मालकाची परवानगी मागायची. दिली, तर आतलं घासलेट त्याच्याच बाटलीत ओतून द्यायचं. मग टाकी पाण्यानं भरायची, कारण रिकाम्या टाकीत वाफ राहते आणि ठिणगी पडली तर ती भडकते. मग पोटावर छिन्नी आणि एकच घाव. पाणी वाहून जाईपर्यंत टाकीवर तळहात ठेवून बसायचे. ओठ हलायचे, काय म्हणायचे ते कधी विचारलं नाही. मग बर्नर वेगळा, टाकी वेगळी, जा आता कासाराकडं मोडीत घाल. "भोक पाडलेला स्टो कुनाच्या घरात पेटत न्हाई," एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान.

परवानगी देणारे दहांत एक. पितळेच्या भांड्याला आपल्या देखत भोक पाडायचं म्हणजे लोकांना अवलक्षण वाटायचं. त्यात दुसरी लढाई सुरू झालेली. नवे स्टो बाजारात दिसेनात, घासलेट मोजून मिळायचं. असल्या दिवसांत बाबालाल स्टो फोडतो म्हणून लोक हसायचे, आणि नंतर नंतर यायचेच बंद झाले.

एक दिवस कवठे महांकाळचा एक माणूस बाजारात नुकताच घेतलेला स्टो घेऊन आला. पेटत नाही म्हणाला. चाचांनी तो कानाशी न धरता उलटा केला, पोटावरून अंगठा फिरवला, आणि थांबले. डागाचा एक गुळगुळीत फोड होता, वर पॉलिश मारलेलं.

"ह्ये भोक माजं हाय," चाचा म्हणाले.

"आँ?"

"मीच पाडलंया. कुनी बुजिवलं?"

त्या माणसाला काय कळणार? तो म्हणाला, "नीट करनार हायसा का न्हाई?" चाचांनी त्याला आपल्याकडचा एक जुना चालता स्टो दिला आणि तो ठेवून घेतला. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा रिकामं बसलेलं बघितलं. मग म्हणाले, "माणदेशी, बसऱ्याला आमच्या लंगरीनं, पलटणीच्या सैपाक्यानं, हट्ट धरला, डाग दे म्हून. चांगला मानूस. मी दिला. त्येच्या पैल्या चहालाच माज्या भिवया गेल्या. त्यो तर सगळाच गेला."

तेव्हापासून ते एकाऐवजी तीन भोकं पाडायला लागले. मग टाकी ठोकून चपटीच करायला लागले. गिऱ्हाईक आणखी कमी झालं.

आणि मग आमच्या स्टोची पाळी आली. लढाई संपली होती, पण नवा स्टो मिळायची मारामारच होती. आमच्या स्टोला वास यायला लागला म्हणून मी चाचांकडं नेला. बादलीत बुडवला. माळ वर आली. चाचांनी माझ्याकडं बघितलं नाही. "घरी इच्चारून ये," म्हणाले.

तो स्टो माझ्या सासऱ्यांनी पुण्याहून आणलेला. आमच्या आळीतला पहिला. ते गेल्यावर सासूबाई बाकी सगळं विसरल्या, पण स्टोच्या शुक्रवारावर त्यांची नजर असायची. मी विचारल्यावर त्या देवापाशी बसल्या होत्या तशाच म्हणाल्या, "माज्या जित्तेपनी त्येंच्या वस्तूला भोक? बाबालालला म्हनावं, तुज्या घरचं फोड."

आठ-दहा दिवसांवर संक्रांत आली. सासूबाईंना मधेच सुचलं. म्हणाल्या, "फोडायचं बी नको, ठिवायचं बी नको. वाण लुटू. पितळंचं वाण कोन देतंय आजकाल?" त्या स्वतः देऊ शकत नव्हत्या, वाण सवाष्णीनंच सवाष्णीला द्यायचं. म्हणजे माझ्या हातानं.

मी एकदाच म्हटलं, "आत्याबाई, चाचा म्हणत होते..."

"चाचा म्हनत्यात ते पोटासाटी म्हनत्यात."

चिंच लावून स्टो घासला. त्यात माझं तोंड दिसत होतं. भांडं रिकामं देऊ नये म्हणून सासूबाईंनी घरातलं मोजकं घासलेट टाकीत भरायला लावलं, वर तिळगुळाची पुडी बांधली.

वाण तानूला द्यायचं ठरलं. तानू म्हणजे वखारीत हळद निवडायला येणारी, कवठे महांकाळकडची, माझ्याच वयाची. वखारीच्या मागं पत्र्याच्या खोपटात एकटी राहायची. नवरा पलटणीत, अजून परतला नव्हता. तीन दगडांवर भाकरी करायची आणि सारखी हसायची. तिनं पदर पुढं केला आणि आत स्टो पडलेला बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आवं वैनी, आमच्या सात पिढ्यांत आसलं वाण कुनी बगितलं न्हाई!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाचांना सांगितलं. ते पिन सरळ करत होते. पिन तशीच हातात राहिली.

"घासलेट बी भरलंत?"

"भरलं."

चाचा उठले. दुकानावर पोतं टाकलं, घरी गेले आणि त्यांच्या स्वतःच्या चुलीपाशी असायचा तो काळा स्टो काखेत मारून आले. मी मागं मागं गेले.

"तानूबाई, ह्यो घे, त्यो दे."

"ह्यो?" तानू हसायला लागली. "आवं चाचा, ह्यो बुडाला लागलेल्या भाकरीवानी काळा, आन् त्यो सोन्यावानी. मला येडी समजलासा व्हय?"

"त्यो मेलाय, बाय."

"मरंना. फळीवर बसंल. वाण हाय त्ये, वाण कुनी परत देतं का? मालक यायचं हायती माजं."

"मंग येक भोक पाडू दे. हितंच, तुज्या डोळ्यांम्होरं."

तानूचं हसू गेलं. ती फळीच्या आडवी उभी राहिली. "सवाष्णीच्या वाणाला छिन्नी लावता? तुमच्या घरात बायामानसं हायती का न्हाईत?"

चाचांचा हात खाली आला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. वाण मी दिलं होतं. 'माझंच वाण आहे, मीच सांगते, पाडू दे,' एवढं मी म्हटलं असतं तरी तानूनं ऐकलं असतं, असं मला तेव्हाही वाटलं. पण ते सासूबाईंपर्यंत गेलं असतं. मी पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिले.

शेवटी चाचांनी टाकीतलं घासलेट तेवढं काळ्या स्टोत ओतून घेतलं. "फळीवरच ठिवायचा, आं? पेटवायचा ह्यो." मग तिला म्हणाले, "पदर खोच," आणि काळा स्टो तीनदा पेटवून, तीनदा विझवून दाखवला.

त्यानंतर चाचा दर दोन-चार दिवसांनी वखारीमागून चक्कर टाकायचे आणि दारातूनच फळीकडं नजर टाकायचे. वाणाच्या स्टोवर हळदीची धूळ बसत चालली होती. ती बघून त्यांना बरं वाटायचं. "बसली बग," मला सांगायचे, "बोटभर बसली." असं चार महिने चाललं.

मग दोन गोष्टी एकदम झाल्या. चाचा पुतणीच्या लग्नाला खंडाळ्याला गेले, आणि तानूचा नवरा आला. त्याला भेटायला कवठ्याहून नणंद आली. जाताना तिनं स्टो मागितला. नळावर तानूच मला सांगत होती: "दोन कशाला पायजेत म्हनली. म्हटलं ने बाई. काळा दिला. वाण कसं दुसऱ्याला द्यायचं?"

मी म्हटलं, "तानू, चाचा येईस्तोवर चुलीवर कर."

"व्हय व्हय," ती म्हणाली, "मालकास्नी चुलीच्या धुराचा चहा ग्वाड लागत न्हाई," आणि घागर उचलून हसत गेली. संध्याकाळी बघितलं तर दारात बसून स्टो घासत होती. चिंच लावून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या खोपटातून वखारीत पोतं पडावं तसा आवाज झाला. तानू दोन दिवस होती.

चाचा आले त्या दिवशी त्यांच्या छपरापुढं माणसं जमली होती. तानूचा नवरा खाकी कोट घालून मधे उभा होता. फुटलेली टाकी त्यानं चाचांच्या पेटीवर ठेवली. आवाज चढवला नाही त्यानं. एवढंच विचारलं, "ह्यो मेलेला हाय ह्ये कुनाकुनाला ठावं हुतं?"

मी घागर घेऊन गर्दीच्या कडेला होते. चाचांनी मला बघितलं होतं, मला ठाऊक आहे.

"मला," चाचा म्हणाले. "मला येकट्याला. भोक पाडायचं माजं काम हुतं, मी न्हाई पाडलं."

तो माणूस हात उगारील असं सगळ्यांना वाटलं. तो तिथंच मातीत बसला. माणसं हळूहळू पांगली. मीही घरी गेले. त्या दिवसापासून सासूबाईंनी घरात पितळेचा विषय काढला नाही, आणि मला शुक्रवारी घासायलाही कधी सांगितलं नाही. आम्ही दोघी चुलीवर करत राहिलो.

बाबालालचाचांकडं मग कुणीच स्टो आणला नाही. ज्यानं जाणून-बुजून मेलेला स्टो राहू दिला त्याच्याकडं कोण जाणार? डाग देणारे मात्र पेठेत दोनाचे चार झाले.

वर्षभरात आमच्या ह्यांना इकडं लांब नोकरी मिळाली आणि सांगली सुटली. निघायच्या दिवशी टांगा बोळाच्या तोंडाशी थांबवून मी उतरले. दुपारची वेळ. चाचा पेटीवर बसलेले, टोपी पिवळी, काठात एकही पिन नव्हती. पुढ्यात तीच टाकी होती, पोट फाटून पत्रा बाहेर वळलेला. ते तिच्यात तांब्यानं पाणी ओतत होते. पाणी दुसऱ्या बाजूनं निघून जात होतं आणि ते पुन्हा ओतत होते. मग तांब्या ठेवून त्यांनी छिन्नी घेतली, आणि टाकीवर कुठं धड जागा उरली आहे ती अंगठ्यानं शोधायला लागले.

"चाचा, निघाले मी."

"निगालीस, माणदेशी?" वर बघितलं. "सुकी ऱ्हा."

"चाचा, त्या दिवशी मी..."

"टांगा थांबलाय न्हवं?" ते म्हणाले. "जा. आन् जातीस तितं पदर खोचत जा."

टांगा हलला. मागं हातोडीचा घाव ऐकू आला. चाचांना एक घाव पुरायचा. बोळ मागं पडला, टांगा पेठेच्या कोपऱ्यावर वळला, तरी घाव पडतच होते.